माझी बाहेरची बाजू

मी दरवाजा बोलतोय, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाचा. माझ्यातून रोज कितीतरी मुलं आत जातात, बाहेर येतात, पण माझ्याकडे बघत कुणीच नाही. दरवाजा उघडा असला की त्याची आठवण होत नाही आणि बंद असला की शिव्या मिळतात. त्याची मला सवय आहे. आज तोंड उघडतोय ते वेगळ्याच कारणाने. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

मला घडवणारा सुतार मोठा कसबी होता. चौकटीत बसवल्यावर दोन पावलं मागे सरून म्हणाला, "बंद झाला की मुंगीसुद्धा जायची नाही आत!" मी असा काही फुशारलो! नीट बंद होणं हाच आपला गुण, असं समजून बसलो. उघडणं हेही दरवाजाचंच काम, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझा हा गुण पुरेपूर वापरला तो संख्याशास्त्राच्या सरांनी. मुलं त्यांना पाठीमागे 'पाचमिनिटे सर' म्हणायची. साडेआठचा तास. पाच मिनिटं वाट बघून सर स्वतः येत, मला लोटत, कडी घालत आणि मग हजेरी घेत. माणूस वाईट नव्हता हो. पूर्वी त्यांच्या तासाला मुलं तास संपेपर्यंत येत राहायची, आली की बाकं सरकवायची, आणि सरांचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं. म्हणून त्यांनी हा नियम काढला आणि मी तो इमानेइतबारे पाळला.

सत्राच्या पहिल्या दिवशी ते सगळं समजावून सांगत. "हा विषय चार क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास. पंधरा आठवड्यांचं सत्र, म्हणजे साठ तास झाले. त्यातली पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही. चाळीस गुण वर्षभराच्या चाचण्यांचे... म्हणजे सत्रातल्या चाचण्यांचे, साठ लेखीचे. दोन्हींची बेरीज करून ग्रेड."

"आणि सर, समजलं की नाही, ते कशात धरतात?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. वर्ग खो खो हसला. सरही हसले. मलासुद्धा हसू आलं, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी ती आली. तिशीची असेल. इतर मुलांच्या मानाने थोरलीच. दवाखान्यात रात्रपाळीला मदतनीस होती. पाळी आठला संपायची, पण बदलीची बाई कधी वेळेवर आली तर शपथ! रोग्याला सोडून निघायचं कसं? मग ही धावतपळत जिना चढायची, आणि मी बंद.

पहिल्यांदा तिने टकटक केली. सरांनी फटीएवढा मला उघडला.

"सर, आजच्या दिवस येऊ का? रात्रपाळी होती."

"बाई, प्रत्येकाकडे काही ना काही कारण असतंच. तुम्हाला सोडलं, तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल." असं म्हणून त्यांनी मला लोटलं. कडी बसली. नेहमीसारखी, अगदी झकास.

मला वाटलं, जाईल घरी. पण ती गेली नाही. पिशवीतून वही काढली, खांदा माझ्यावर टेकला, डोकं लाकडाला लावलं आणि ऐकत उभी राहिली. आत सर हजेरी घेत होते. तिचा क्रमांक पुकारला तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "हजर."

तो शब्द माझ्या लाकडात शिरला. पलीकडे काही पोचला नाही.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कधीमधी बदलीची बाई वेळेवर आली, तर ती आत पहिल्या बाकावर बसायची. एरवी बाहेर, माझ्याशी. मजल्यावरच्या शिपाईमामांनी एकदा विचारलं, "सिस्टर, एवढं उभं राहून काय मिळतं तुम्हाला?"

"मामा, दवाखान्यात नोंदणी विभागात जागा निघणार आहे. दिवसाची नोकरी. पदवी लागते, आणि तेवढा हा एकच विषय राहिलाय." मग म्हणाली, "लेक शेजारच्यांकडे झोपते हो माझी. रात्री उठली की 'आई' म्हणत दुसऱ्याच बाईच्या अंगावर हात टाकते."

मामांनी स्वतःचं स्टूल आणून ठेवलं. तीन दिवसांनी ते कुणीतरी उचलून नेलं.

दमट हवेचे दिवस आले तेव्हा मी फुगलो. काही केल्या मिटेना. बोटभर फट राहिली आणि त्या फटीतून तिला फळ्याची एक पट्टी दिसू लागली. काय खूश होती ती! मान वाकडी करकरून उतरवून घ्यायची. पण सरांना बाहेरचा आवाज सहन होईना. सुतार आला, माझ्या कडेवर रंधा फिरवला आणि मी पुन्हा घट्ट बसू लागलो. "झाला बघा नव्यासारखा," तो म्हणाला, आणि मी, मूर्ख, खूश झालो. रंधा माझ्या हातात नव्हता, हे खरं. पण खूश तर मीच झालो होतो ना!

मग एका दुपारी चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी तपासलेले पेपर वर्गात वाटले. तिचा पेपर हातात घेऊन म्हणाले, "हे बघा. उत्तरं शब्दन्‌शब्द माझी, आणि आकृत्या सगळ्या उलट्या. याला म्हणतात घोकंपट्टी." नाव घेतलं नाही. ती बाहेर माझ्याशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. वही मिटली आणि कपाळ माझ्यावर टेकलं.

सत्र संपत आलं. हजेरी कमी भरलेल्यांची यादी खाली सूचनाफलकावर लागली. तिचा क्रमांक त्यात होता. तास सुटल्यावर सर एकटेच वर्गात असताना ती आली. मी उघडा होतो.

"सर, मी रोज येत होते."

"कुठे?"

"इथे. दाराबाहेर."

सर थकल्यासारखे हसले. "बाई, असं तर कुणीही म्हणेल."

तिने चाचणीचा पेपर पुढे धरला. "सर, तुम्ही म्हणायचात, वक्र असा वर चढतो आणि इकडे लांबवर उतरत जातो. मला ऐकू सगळं यायचं. पण इकडे म्हणजे कुणीकडे, ते दिसायचं नाही. मी अंदाजाने काढायचे. माझ्या सगळ्याच आकृत्या चुकीच्या बाजूला उतरल्यात, बघा ना."

सरांनी पेपर घेतला. एक आकृती बघितली, दुसरी बघितली. मग बाहेर आले आणि मला ओढून घेतलं. इतकी वर्षं मला बंद करणारा हा माणूस, पण बाहेर उभं राहून मला बंद झालेलं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. खांद्याच्या उंचीवर पॉलिश उडालेलं. त्याच्या वर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. सरांनी त्या डागावर बोटं ठेवली आणि तशीच ठेवून उभे राहिले.

"मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं सर. पहिल्या दिवशी."

सर धावले, हे कबूल केलं पाहिजे. परीक्षा विभागात गेले, प्राचार्यांकडे गेले. संध्याकाळी परत आले आणि मामांच्या शेजारी मटकन बसले. "यादी मीच सही करून पाठवली, मामा. आता बदलायची तर हजेरी चुकीची घेतली असं लिहून द्या, म्हणतात. तेही दिलं असतं हो. पण पुरावा मागतात. आजारपणाला सवलत आहे म्हणे, दाखला आणला तर."

"मग?"

"ती कुठे आजारी होती? आजाऱ्यांपाशी होती."

तिला परीक्षेला बसता आलं नाही. दिवसाच्या नोकरीची जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतली.

पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या पायाशी वीट सरकवली. मी सताड उघडा. तास सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर ती जिना चढून आली आणि उंबरठ्यापाशी थबकली. सवयीने खांदा टेकायला गेली, तर मी तिथे नव्हतोच, भिंतीला टेकलो होतो.

"आत या," सर म्हणाले.

"सर, पाच मिनिटं कधीच झाली."

वर्ग वळून बघू लागला. शेवटी मामाच कॉरिडॉरमधून म्हणाले, "सिस्टर, जा की आत!" तेव्हा कुठे ती गेली.

त्या दिवशी वक्र काढताना सर म्हणाले, "आणि मग तो इकडे..." आणि थांबले. "इकडे म्हणजे तुमच्या उजव्या हाताला." समोर बसलेल्या मुलांना फळा लख्ख दिसत होता. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. तरी सर आता दर वेळी तसंच म्हणतात, बाहेर कुणी नसलं तरी.

गेल्या महिन्यात निकाल लागला. तिला सर्वांत वरची ग्रेड मिळाली. गुणपत्रिका दाखवायला ती आली होती. ग्रेडच्या शेजारी एक छोटी चांदणी आहे. दुसऱ्या खेपेला सुटलेल्या विषयाला ती छापतात, आणि ती कधी पुसली जात नाही.

"आणि दिवसाची नोकरी?" सरांनी विचारलं.

"पुढची जागा निघाली की बघू, म्हणालेत." ती हसली. "लेकीला आता सवय झालीय सर. उठत नाही रात्री. हाकही मारत नाही."

सर चष्मा पुसत राहिले. मला तर पुसायला चष्माही नाही.

उद्या रंगारी येणार आहे. बाहेरची बाजू घासून नवा हात देणार. डाग ठेवा, असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. माझं एकच मागणं आहे. दरवाजे लावा, जरूर लावा, आम्ही त्यासाठीच आहोत. पण कडी घालण्याआधी एकदा बाहेर डोकावून बघत जा. माझ्या लाकडात कितीतरी 'हजर' अडकून पडलेत, आणि ते आता कुठल्याच हजेरीत लावता येत नाहीत.