पहिला घोट

चहाचा पहिला घोट मावशीनं घेतला आणि मग कप मुलीच्या हातात दिला. मुलगी चाळिशीला टेकलेली, कॉलेजात सिनेमा शिकवणारी. तिनं कपाकडे न बघताच तो घेतला. रविवारची दुपार होती. टीव्हीवर जुना हिंदी कौटुंबिक सिनेमा लागला होता आणि त्यातली सावत्र आई दुधात कसलीशी पूड कालवत होती.

"आल्या आमच्या बाई!" मावशी पाय वर घेऊन बसत म्हणाली. "अगं, एवढी पूड? चमचा उभा राहील त्यात."

"मावशी, ऐकू दे ना."

"ऐक, बाई, ऐक. तेहतीस वर्षं पाजतेय तुला, अजून ठणठणीत आहेस. माझ्याच हाताला गुण नाही."

वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा ती सात वर्षांची होती. नुकताच असा एक सिनेमा तिनं पाहिला होता, आणि नव्या बाईनं दिलेल्या दुधाला तिनं तीन दिवस तोंड लावलं नाही. बाई रागावली नाही, की गोंजारायला आली नाही. चौथ्या दिवशी ती समोर बसली, पेल्यातला एक घोट घेतला, ओठ पुसले आणि पेला पुढे सरकवला. पुढे दुधाच्या जागी चहा आला, वडील गेले, घर बदललं. घोट काही सुटला नाही. 'मावशी' म्हणायला वडिलांनी शिकवलं होतं. दुसरं काही म्हणायला कुणी अडवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी, गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावता लावता मावशी गेली.

आठवड्यानं मुलगी पुन्हा वर्गात उभी राहिली. विषय आधीच ठरलेला: कौटुंबिक सिनेमातल्या आया. दूध कालवण्याचा तसलाच एक प्रसंग तिनं दाखवला आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "घर जोडायला सख्खी, मोडायला सावत्र. झालं लेखकाचं काम!"

वर्ग हसला. पुढचं वाक्य मात्र तिला आठवेना. ती टिपणं चाळत राहिली.

"मॅडम," पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणाली, "या बाईला त्या घरात किती एकटं वाटत असेल, नाही?"

"वाटत असेल." तिनं टिपणं मिटली. "तिनं काही करायच्या आधीच मुलं तिच्याकडे संशयानं बघायला लागलेली असतात."

तास संपला. वर्ग रिकामा झाला तरी ती विद्यार्थिनी दाराशी रेंगाळली.

"मॅडम, आठवडाभर तुम्ही नव्हता. ऑफिसात म्हणाले, तुमच्या मावशी वारल्या."

रजेच्या अर्जात तिनं स्वतःच तसं लिहिलं होतं. ती फळा पुसायला वळली. अर्धा पुसून झाल्यावर तिचा हात थांबला. डस्टर खाली ठेवून तिनं मागे पाहिलं.

"मावशी नव्हे गं," ती म्हणाली. "आई. माझी आई गेली."