वृंदाकाकूंचा डबा

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव – वृंदा – आणि आत काहीतरी हलतंय, एकच काहीतरी, घट्ट, खड्यासारखं... शलाकानं स्टीलचा तो डबा पुन्हा एकदा कानाशी नेऊन हलवला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. उघडायला हात धजेना. दुसऱ्याचा डबा उघडू नये असं लहानपणी आईनं बजावलं होतं म्हणून, की आत काय आहे ते कळलं तर दिवसभर काही सुचायचं नाही म्हणून – तिचं तिलाच ठरवता येईना.

सकाळी तोमाशनं तो आणून ठेवला होता. गोळ्यांच्या पाकिटातली फुटकी गोळी ओळखायला कॅमेऱ्याला शिकवणारा हा पोलंडचा इंजिनियर. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिनंच त्याला अंबरनाथच्या ह्या कारखान्यात आणला होता. वर्षाचा करार. राहतो की जातो ते आज संध्याकाळी सांगायचं होतं. डबा ठेवताना तो इंग्रजीत म्हणाला, माझ्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा आहे, पोचवशील का, आणि मग ठिपक्यांवरून बोट फिरवत, तेवढंच मराठीत – "वृंदा." कुणी न शिकवता वाचायला शिकला होता. डबे परत करायला लागलेला माणूस मनानं निघालेलाच असतो, हे कळायला एचआरची पदवी लागत नाही.

तिचे वरिष्ठ, जयदेवसर, दोनदा येऊन गेले. पगार वाढव, गाडी दे, ठाण्याला घर हवं असेल तर ते दे, पण त्याला सोडू नकोस. तो गेला की कॅमेऱ्याचं सगळं काम पुण्याला हलणार. त्याच्या हाताखाली शिकणारी प्रज्वल आणि रुचिका पुण्याला जायची नाहीत, आणि बाहेरची माणसं आणायला नेमलेल्या शलाकाचं तर इथे काही कामच उरायचं नाही. सरांचं बरोबर होतं. पण गाडी देऊन झाली होती. बिनतिखटाचा डबा, पाण्याचं मशीन, इन्व्हर्टर, ठरलेला रिक्षावाला – काय ठेवलं होतं मी द्यायचं? सासरी आलेल्या मुलीचेसुद्धा कुणी एवढे लाड करत नाही.

एवढे लाड... तिचे कुणी केले नव्हते. गुहागरकडची शेतकऱ्याची पोर, नोकरीसाठी बदलापुरात एकटी आली तेव्हा इमारतीतल्या बायका रोज दार वाजवायच्या. कुठली? लग्न? घरी कोण कोण? भाडं किती? एकदा दिवा न लावता ती आत गप्प बसून राहिली, घरी नाहीच असं दाखवत. हळूहळू बेल वाजायची थांबली. सुटले, असंच तेव्हा वाटलं होतं – आणि अजूनही वाटतं, हो, वाटतंच की.

म्हणून तर गेल्या दिवाळीनंतर तोमाश म्हणाला, 'रविवारी किती लोक येतात माझ्याकडे', तेव्हा तिला आपलं बदलापूरचं दार आठवलं. तो हसत म्हणाला होता का? तक्रार होती की नवल? विचारलं नाही. त्याच संध्याकाळी हेंद्रेपाड्याला, त्याच्या इमारतीत जाऊन तिनं घराघरात हात जोडून सांगितलं, साहेबांना त्रास देऊ नका, त्यांच्याकडे चालत नाही असं. लोकांनी ऐकलं. इतकं ऐकलं, की नंतर त्या जिन्यात पोरंही चढली नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत ती उठली. रिक्षात डबा मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आतला खडा खट् करून वाजायचा, आणि तिला वाटायचं, कुणीतरी दार ठोठावतंय.

वृंदाकाकूंनी दार उघडलं, तिला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा जरा आक्रसला. डबा बघून मात्र त्या खुलल्या. "अगंबाई, दिवाळीच्या चकलीचा. आम्ही मागायला पण नाही गेलो, मॅडम. तुम्हीच बोलला होता ना, डिस्टर्ब नको म्हणून."

तिला आत घेऊन त्या झाकण काढायला गेल्या. निघेना, ओट्याच्या कडेवर आपटल्यावर निघालं.

साखर होती. पावसाळाभर ओल धरून, नंतर वाळून, साखरेचा एकच ढेप झालेला पिवळट खडा.

"त्याला माहीत होतं, रिकामा डबा द्यायचा नाही ते," काकू हळूच म्हणाल्या. "सखूनं सांगितलं असणार, त्याच्याकडे भांड्यांना जाते ती. ही आत्ताची नाही हो. केव्हाची भरून ठेवलीय बिचाऱ्यानं."

केव्हाची. म्हणजे डबा भरून तो वाट बघत होता, कुणी मागायला येईल म्हणून. सगळा हिवाळा, उन्हाळा, पाऊस. आणि मी त्याला इन्व्हर्टर देत होते. शलाकाला एकदम स्वतःचाच राग आला, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी – त्या दिवा न लावलेल्या खोलीत, बेल वाजायची थांबल्यावर, ती किती वेळ दाराकडे बघत बसली होती, ते.

"मग आता काय करू?" काकूंनी विचारलं. "आज चकलीची भाजणी आणलीय दळून. वर जाऊन येऊ का संध्याकाळी? की नको? तुम्ही म्हणाल तसं."

नेहमी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. जा म्हणावं, तर ती कंपनीची युक्ती होईल. त्याला सांगावं, की दारं मीच बंद केली, तर... आणि त्यानं राहावं हे नक्की कुणासाठी हवंय, कारखान्यासाठी, नोकरीसाठी, की कुणीतरी वाट बघितली आणि मग कुणी आलं, असं एकदा तरी डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून?

"मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली.

काकूंनी चहाचं आधण ठेवलं, तो खडा बत्त्यानं फोडला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बस गं. उभी का? तू मूळची कुठली? घरी कोण कोण असतं?"

फोन वाजत होता, सरांचा असणार. शलाका पाटावर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना; बऱ्याच वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.