वनराणीच्या पापण्या

पिपरटोल्याची दंडार बालाघाटच्या मैदानावर पहिल्यांदा उभी राहिली, त्या संध्याकाळी मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "अरे, रानी की आँखें किधर हैं?" आणि सगळं मैदान हसलं.

बायकांच्या बाजूला बसलेल्या दुर्गाबाईला ते हसू थोबाडीत मारल्यासारखं लागलं. वनराणी झालेला तो पुरुष तिचा नवरा होता, तेजराम. लालबर्ऱ्याजवळच्या आपल्या गावात तो चार एकर धान पिकवायचा आणि फागुन लागला की दंडारीत बाईचं सोंग घ्यायचा. दंडार म्हणजे गावचंच नाटक, गावचीच गाणी, आणि बायांची कामंही पुरुषांनीच करायची. तेजरामची चाल, त्याचा आवाज, पदर सावरायची लकब अशी की गावातल्या बायकाही घटकाभर फसायच्या. पण त्याचं खरं बळ डोळ्यांत होतं. गावात माणसं गॅसबत्तीपासून चार हातांवर बसत, त्यांना ते डोळे दिसत. बालाघाटला विजेचे मोठाले दिवे होते आणि माणसं पार मैदानाच्या टोकापर्यंत. तोंडाला थापलेला पांढरा रंग त्या झगझगाटात असा उठला की डोळे पुसूनच गेले. लांबून नुसता पिठाचा गोळा दिसत होता.

परतीच्या बैलगाडीत तेजराम पंच्याने तोंडावरचा रंग पुसत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "पुढच्या साली मी राणी होत नाही. दंडारीच्या उस्तादाले सांगून देतो."

"काहून?"

"आयकलं नाही का तू? राणीले डोळेच नाहीत म्हणे."

"डोळे हायेत. दिसत नाहीत, येवढंच," दुर्गाबाई म्हणाली. "दिसतीन असं करू."

बोलून तर गेली, पण करायचं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी हरभरा काढायला शेतावर गेली, तर बांधावर उभं राहिल्या राहिल्या तिची नजर नदीपलीकडे गेली. तिकडच्या टेकडीवर पळस फुलला होता. एवढ्या लांबून झाड ओळखू येत नव्हतं, खोड दिसत नव्हतं, पण रंग दिसत होता. नदीच्या अलीकडे कुसुमाच्या झाडाला तांब्यासारखी लाल पालवी फुटली होती. करंजाची पानं इतकी कोवळी हिरवी की हात लावावासा वाटावा. मोहाखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा. कुंपणाच्या तारेवर बसलेला नीळकंठ उडाला आणि त्याच्या पंखांतली निळाई झर्रकन उघडून मिटली.

वनराणीच्या डोळ्यांवर वन नसेल तर ती कसली वनराणी, असं दुर्गाबाईच्या मनात आलं. काजळ डोळ्यात असतं. पण हे रंग पापणीवर लावले तर?

त्या संध्याकाळी ती ओटीभर पळसफुलं घेऊन आली.

पहिले काही दिवस सगळं बिघडतच गेलं. फुलं वाळवून कुटली तर मातकट भुगा झाला. करंजाची पानं वाळली तर हिरवी राहीनात, कडबा झाली. मग तिने फुलं उकळली, पाणी आटवून घट्ट केलं, त्यात तांदळाची बारीक पिठी भिजवली आणि सावलीत सुकवली. पिठीने केशरी रंग धरला. गेरू पाण्यात कालवून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, त्याचा गाळ बसला तो लोण्यासारखा मऊ निघाला. तो झाला कुसुमाच्या पालवीचा रंग. कपड्यांना घालायची नीळ पिठीत मिसळली तर नीळकंठ हाती आला. हिरव्याने मात्र तिला महिनाभर छळलं. शेवटी एक दिवस नीळ लागलेल्या बोटानेच तिने भाजीला हळद घातली आणि बोटाकडे पाहत चुलीपुढे बसूनच राहिली. भाजी करपली. हिरवा सापडला.

रंग ठेवायला तिने मसाल्याचा पितळी डबा रिकामा केला. सात वाट्यांचा डबा, माहेरून आणलेला. सासू मैनाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "तिखट-मीठ कागदात अन् डब्यात माती! काय दिवस आले, माय!"

पण खरी अडचण पुढेच होती. आरशासमोर बसून दुर्गाबाईने आधी स्वतःच्या पापणीवर केशरी लावला. दोनदा डोळा मिचकावला तर सगळी पिठी डोळ्यात. दोन दिवस डोळे लालबुंद. तेजराम घाबरला. "सोड हे. डोळे जातीन तुये."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखं कुंकू लावायला बसली. बोटाने कपाळावर मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं, आणि हात तिथेच थांबला. हे कुंकू दिवसभर धान लावताना, ऊन-घामात, कपाळावरून हलत नाही. ते कशामुळे? मेणामुळे. मग कपाळावर जे टिकतं ते पापणीवर काहून टिकणार नाही?

तिने मेणात थोडं तूप घातलं, पापणीवर नखाएवढं पसरलं आणि वर रंग टेकवला. दुपारी स्वयंपाक झाला, भांडी झाली, संध्याकाळी आरशात पाहिलं तर रंग जिथल्या तिथे होता.

आता विजेचा दिवा पाहिजे. गावात वीज नव्हती. लालबर्ऱ्याच्या तांदळाच्या गिरणीत मोठा दिवा होता, आणि गिरणीवाला दुलीचंद तेजरामला ओळखत होता. धान कांडायला नेलं त्या दिवशी दिवे लागेस्तोवर दोघं थांबली. दुर्गाबाईने नवऱ्याला पोत्यावर बसवलं, त्याच्या पापण्या रंगवल्या आणि स्वतः अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेली. हमाल काम सोडून गोळा झाले. मिशा काढलेला, खांद्यावर पंचा, पापण्यांवर हिरवा रंग असा तेजराम पोत्यावर बसून होता.

"क्या बात है, तेजराम भैया, शादी है क्या?" एक हमाल म्हणाला.

"हौ," तेजराम म्हणाला. "तुह्याशीच." हशा पिकला आणि त्याची लाज गेली.

फाटकापासून दुर्गाबाईला जे दिसलं ते आरशाने कधी दाखवलं नसतं. पिवळ्या दिव्यात केशरी कातडीत मुरून जात होता. निळा काळा पडत होता. पण निळ्यावर हिरवा चढवला की दोन्ही उठत होते. ती गेली, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा फाटकापर्यंत चालत आली. असं सात-आठ वेळा. शेवटी बसलं ते असं: पापणीच्या केसांलगत निळा, त्यावर हिरवा, पापणी जिथे दुमडते तिथे कुसुमाचा तांबडा, त्याच्या कडेला पळसाच्या केशरीची एक रेघ, आणि भुवईखाली मोहफुलाचा फिकट रंग, पिठीत हळदीची चिमूट घातलेला.

"आता खाली पाहा," ती फाटकातून ओरडली. "हळू! पापणी मिटली का रंग दिसते. मंग हळूच वर पाहा."

तेजरामने नजर खाली केली, मग वर उचलली.  दुलीचंद गल्ल्यावरून उठून दारात आला आणि नुसता बघत राहिला.

पुढच्या फागुनात पुन्हा बालाघाटचं बोलावणं आलं. दंडारीचा उस्ताद महागू साठीचा होता, जुना माणूस. मैदानामागच्या कनातीत सोंगं रंगवायचं काम चाललं होतं. दुर्गाबाई डबा घेऊन तिथे गेली तेव्हा तो दारात आडवा आला.

"बाईमाणूस आत नाही येत. आजवर नाही आलं. डबा दे, आमी लावतो."

"कसं लावाचं ते म्या शिकली, उस्ताद. वरीस गेलं शिकाले."

"रीत हाय ते हाय."

दुर्गाबाईने पदर खोचला. तिचा आवाज वाढला नाही, पण आत बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. "मी बाई म्हणून येऊन नाही राह्यली. बाई बनवाले येऊन राह्यली."

महागू तिच्याकडे बघत राहिला. मग डब्याकडे. मग एका बाजूला सरकला.

आत त्याने एकच गोष्ट सुचवली. "वरून जरा अभ्रक टाक. डोळे चमकतीन."

"नाही. डोळ्यात गेलं तं बुबुळ कापन. म्या नाही टाकत."

उस्तादाला नाही म्हणणारं माणूस मंडळीत नव्हतं. तो हं म्हणाला आणि अभ्रकाची पुडी खिशात घातली.

दुर्गाबाई मुद्दामच मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली.  पडदा सरकला, ढोलकी वाजली आणि वनराणी आली. ती आधी बोललीच नाही. पुढे येऊन उभी राहिली, नजर खाली केली, आणि एवढ्या लांबून त्या दोन पापण्यांवर रानातली पालवी दिसली. मग नजर वर आली. गेल्या साली जिथून ओरडा उठला होता तिथली माणसं आज माना उंच करून पाहत होती.

शेजारी शहरातली एक बाई बसली होती, चापूनचोपून नेसलेली, हातात घड्याळ. तिचं नाव मीनाक्षी. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ती पुढे वाकून कुजबुजली, "काय डोळे आहेत! ही बाई कुठून आणली यांनी?"

"बाई नोहे थो," दुर्गाबाई म्हणाली. "माहा नवरा हाय."

मीनाक्षीबाईने वळून पाहिलं.

"अन् डोळे म्या केले."

हे म्हणताना आपली मान आपोआप ताठ झाली हे दुर्गाबाईला जाणवलं. तिने ती तशीच ठेवली.

सकाळी मंडळी धर्मशाळेत चहा पीत होती, तर मीनाक्षीबाई आणखी दोघींना घेऊन आली. डब्याच्या वाट्या पाहून तिने विचारलं, "कोणत्या कंपनीचे हो हे? मी नागपूरलासुद्धा असे पाहिले नाहीत."

"कंपनी नाही, बाई. आमच्या शिवारातले होत. हा पळस, हा कुसुम, हा नीळकंठ."

"माझ्या पापण्यांना लावाल?"

दुर्गाबाईने तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं. दिवसाचा उजेड वेगळा, चेहरा जवळून दिसणार. तिने निळा वगळला, हिरवा बोटाने पुसट केला आणि मोहफुलाचाच रंग जास्त ठेवला. मीनाक्षीबाईने आरशात पाहिलं, आणि तशीच, डोक्यावर पदर न घेता, बाजारातून चालत शाळेत गेली. दाराशी उभी राहून दुर्गाबाईने तिला वळणापर्यंत पाहिलं. दोन माणसं वळून बघताना दिसली.

त्यानंतर दंडारीत राणीच काय, राजा, प्रधान, सगळीच सोंगं दुर्गाबाईपुढे डोळे मिटून बसू लागली. एकदा स्वतः महागू बसला. "म्हाताऱ्याच्या पापणीले सुरकुत्या हायेत," तो म्हणाला. तिने सांगितलं, "असू द्या, रंग सुरकुतीतच जास्त टिकते."

तिसऱ्या साली महागूने बालाघाटच्या छापखान्यात दंडारीचं पत्रक छापून घेतलं. गुलाबी कागद. तेजराम चौथी शिकलेला. त्याने ओसरीवर बसून वाचायला घेतलं. मंडळीचं नाव, वगाचं नाव, नटांची नावं, आणि सगळ्यांत शेवटी, जाड ठशात: पापण्यांचे रंग, सौ. दुर्गाबाई तेजराम, पिपरटोला.

दुर्गाबाई सूप हातात धरून उभीच राहिली. तिने कागद हातात घेतला, आपलं नाव कुठे आहे ते बोटाने विचारलं, आणि त्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.

आतून मैनाबाई म्हणाली, "काय म्हणलं रे ते शेवटचं? पुन्हा वाच. मले आयकू नाही आलं."

म्हातारीचे कान चांगले होते. तेजरामने पुन्हा वाचलं, या खेपेला शेजारच्या घरापर्यंत जाईल असं मोठ्याने.