चटईवरची पहिली जागा

उठवलंत ना मला? आता ऐका मंग. मी दहादा सांगितलं, पाळकसाहेब, मला साक्ष द्यायला उठवू नका. तुम्ही इथं नवे. तुम्हाला कुणीतरी सांगितलं, शिवकांताबाईनं लई सोसलं, वादळात येशूवर भरवसा ठेवला, आता म्हातारी झाली तरी किती नम्र, सगळ्यांच्या मागं चपलांजवळ बसते. ऐकून ऐकून माझे कान किटले. मागं का बसते ते आज सांगते. एकदाच सांगीन, पुन्हा विचारायचं न्हाई.

सोसलं ते खरंच हाय. खोटं कशाला बोलू? रेणापुरात आमचं किराणाचं दुकान होतं. आम्ही लिंगायत वाणी, गावात इज्जत होती. आमच्या मालकांचा, महादेवप्पांचा, पाय सडायला लागला होता. मिशनच्या दवाखान्यात तो वाचला, पाय घेऊन ते घरी आले, पण मन तिथंच राहिलं. बाप्तिस्मा घेतला तवा गळ्यातलं लिंग काढून त्यांनी आईच्या हातात दिलं. सासूबाई म्हणल्या, "आता तू मेलास अन् मीबी मेले." दुसऱ्या दिवसापासून दुकानात चिटपाखरू फिरकंना. विहिरीवर माझा पोहरा भावकीनं उलटा केला. दोन भांडी, एक बैलगाडी अन् कडेवर इंदू, एवढं घेऊन आम्ही लातूरच्या ह्या मिशनच्या कंपाऊंडात आलो. दोन वर्षांत इंदू तापानं गेली. माहेरून निरोप आला, "बघ, देवाचा कोप झाला, परत ये." मी गेले न्हाई. रात्रंदिवस रडले, पण येशूचा पदर सोडला न्हाई. एवढं माझ्या पुण्याईचं. इथवर ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढचं ऐका आता.

इथं आले तवा कंपाऊंडातली निम्मी माणसं मांगवाड्यातून आलेली. त्यांच्यासंगं प्रार्थनेला बसले, त्यांच्या लेकरांची नाकं पुसली, दळण दळलं. सगळं केलं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आलं, अन् माझी पाचावर धारण बसली. भाकरीच्या तुकड्याचं काही न्हाई, तो ज्याच्या त्याच्या हातावर. पण पेला! बायकांत मिळून एकच पितळेचा पेला, काळ्या मनुकांच्या पाण्याचा, ह्या तोंडातून त्या तोंडाला. आमच्यात तांब्या कवा ओठाला लावायचा नसतो, वरून धार धरायची. मी वरूनच धार धरली. मापात आली न्हाई, अन् समोरच्या मेजाच्या पांढऱ्या चादरीवर हा एवढा लाल डाग पडला. धोंडप्पा पाळक होते तवा. गरीब माणूस. म्हणले, "हात थरथरला का, बाई? होतं असं. ओठाला लावून प्या."

घरी येऊन मी इचार केला. सोडून तर द्यायचं न्हाई, लोक काय म्हणतील? मंग डोक्यात आलं, पेला फिरतो तो चटईच्या खांबाकडच्या टोकापासून. त्या टोकाला बसलं की ओठ पहिले आपले. पुढं कुणाचेबी लागू देत.

अकरा वर्षं, बायांनो. अकरा वर्षं मी घंटा व्हायच्या आधी येऊन खांबाजवळची जागा धरली. तुमच्या डोळ्यांत येशूच्या ओढीनं आलेली. मालकांनासुद्धा कळलं न्हाई, ते तिकडं माणसांत मधे कुठंबी बसायचे.

अन् रत्नम्मा. साखराबाई, तुझी आई. खाली नको बघूस, बाई, खाली बघायचं माझ्याकडं हाय.

रत्नम्मा मांगवाड्यातलीच. आपलं हे प्रार्थनेचं देऊळ झाडायची, चटया अंथरायची, मेजावरच्या चादरी धुवायची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, तरी मी तिला "ए रत्नम्मा" म्हणायची अन् ती मला "बाई, तुमी". मी दारात दिसले की ती खांबाजवळ चटईवर हात थोपटायची. "या बाई, बसा. तुमची जागा हाय ही." कवा मला उशीर झाला तर दुसऱ्या कुणाला तिथं बसू द्यायची न्हाई. अन् मी मनात काय म्हणायची ठाऊक हाय का? म्हणायची, बघा, हिला माणसाची पायरी कळते. शरम वाटते आज ते तोंडातून काढायला. पण वाटली तर वाटू दे.

मंग ते रझाकारांचं साल आलं. दवाखान्यातली औषधं संपली होती. माल उदगीरच्या स्टेशनावर येऊन पडलेला, अन् आणायला कुणी तयार होईना. आमचे मालक म्हणले, "मी जातो गाडी घेऊन. चार दिवसांत येतो." मी म्हणले, "तुम्हाला काय वेड लागलंय का? रस्त्यानं माणसं कापून टाकायलेत!" ते हसले अन् बैल जुंपले. ते तिकडं गेले अन् इकडं आभाळ फाटलं. मांजरा दुथडी भरली. इकडची माणसं इकडं, तिकडची तिकडं. चार दिवस झाले, पाच झाले. बाजारातून एकेक बातमी यायची, अमुक गाव जाळलं, अमुक वाटेवर गाडीवान मारले. मला भाकरी गिळंना. माझा सगळा भरवसा, ज्याची तुम्ही साक्ष मागता, तो सहाव्या दिवशी संपला. मी चुलीपुढं बसून येशूला शिव्या दिल्या. म्हणले, दुकान घेतलंस, लेक घेतलीस, आता कुंकूबी पाहिजे का तुला?

रत्नम्मा दारात उभी होती. तिनं ऐकलं. आत आली, माझ्याजवळ भुईवर बसली. म्हणाली, "शिव्या द्या बाई, त्याला चालतंय. त्याचे चेलेबी वादळात असंच बोंबलत होते, अन् हा नावंत झोपलेला. झोपला म्हंजी काय झालं? बसलाय तर त्याच नावंत ना! नाव बुडली तर तोबी बुडंल. तो काय आपल्याला टाकून पोहत जाणार न्हाई."

मी म्हणले, "तुझं काय जातंय बोलायला!"

ती उठली, डोक्यावर पोत्याची खोळ घेतली अन् पावसात निघाली. कुठं? तर उदगीरच्या वाटेवरच्या नाक्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला मालकांचं विचारायला. जाऊन येऊन दोन कोस. साठी ओलांडलेली, दम्याची बाई. चार दिवस गेली, रोज. रोज भिजून यायची अन् दारातूनच सांगायची, "आज न्हाई खबर, बाई. उद्या येईल." मी तिला एकदाबी म्हणले न्हाई, की रत्नम्मा, तू नको जाऊ, मी जाते. मी भीत होते. ती जाते तर जाऊ दे म्हणले.

दहाव्या दिवशी मालक आले. पूर ओसरेपर्यंत नदीपलीकडं एका कोळ्याच्या घरी राहिले होते. बैल धड, औषधं धड, माणूस धड. मी गाडीपुढं लोळण घेतली. कंपाऊंडात सगळे गात होते. फक्त रत्नम्मा नव्हती. तिला ताप भरला होता, छातीत कफ दाटला होता. मालकांनी आणलेली औषधं तिला दिली, पण छाती उघडली न्हाई. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. रत्नम्मा म्हणाली, "मला प्रभुभोजन द्या."

साखराबाई, तू तवा औश्याला सासरी होतीस, पुढं काय झालं ते तुला कुणी सांगितलं न्हाई. सांगणारी मी एकटीच उरले.

सकाळची वेळ होती. धोंडप्पा पाळक, आमचे मालक अन् मी, तिघंच. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बघा माणसाचं मन! डोकं मांडीवर चालतं, तिचा घाम मी माझ्या पदरानं पुसत होते, त्याचं मला काही वाटलं न्हाई. पाळकांनी भाकरी मोडली, तिचा तुकडा पाण्यात भिजवून तिला दिला. मंग पेला उचलला. तोच पितळेचा. आजाऱ्याला आधी द्यायची रीत. पाळक पेला घेऊन तिच्या तोंडाकडं वाकले. हिच्यानंतर मी. खांबाजवळची जागा इथं न्हाई. मी मनात हिशेब करू लागले, नुसता ओठाजवळ नेते अन् प्याल्यासारखं करते, कुणाला कळतंय? कुणी म्हणंल रोगाला भ्याली असंल. न्हाई हो. रोगाला भ्याले असते तर घाम पुसला असता का? तेच जुनं होतं, दुसरं काही न्हाई. माझ्या मालकासाठी चार दिवस पावसात भिजलेले ते ओठ, अन् मला त्यांची किळस.

रत्नम्मानं तोंड बाजूला केलं. हात उचलवत नव्हता, तरी उचलला अन् पेला माझ्याकडं लोटला.

"आधी बाईला द्या," म्हणाली. "पहिली जागा त्यांची हाय."

पाळकांचे डोळे भरून आले. मालक म्हणले, "काय माया हाय बघा!" दोघांनाबी काही कळलं न्हाई. रत्नम्मा माझ्याकडं बघत होती. राग न्हाई, टोमणा न्हाई. लेकरू तापलेलं भांडं धरील म्हणून आई आधीच बाजूला करते, तसं केलं तिनं. अन् मला कळलं, हिला सगळं ठाऊक हाय.

तुम्हाला वाटत असंल, मंग मी रडले, पेला तिच्या तोंडाला लावला अन् मागून मी प्याले. गोष्टीत तसंच होतं. मी तसं केलं न्हाई. मी आधी प्याले. ऐकलंत का? समजूनउमजून, तिच्या डोळ्यांदेखत, मी आधी प्याले. मंग ती प्याली, माझे ओठ लागले होते त्याच कडेनं.

पाळक अन् मालक बाहेर गेले तवा मी विचारलं, "रत्नम्मा, तुला कवापासून ठाऊक होतं?"

"चादर मीच धुतली होती ना, बाई," ती म्हणाली. "हात थरथरला की पाणी खाली सांडतं, छातीवर सांडतं. तुमचं वरून पडलं होतं. लांब लांब ठिपके होते."

"मंग अकरा वर्षं मला जागा कशाला धरून ठेवलीस? सगळ्यांपुढं माझी अब्रू का न्हाई काढलीस?"

ती दम घेत घेत बोलली. "काढली असती तर तुमी पुन्हा आला नसता. त्याच्या पंगतीत एक पान कमी झालं असतं. मी त्याला म्हणायची, येशूबाबा, बसू दे तिला पहिली. दमानं मागं येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी आले तर खांबाजवळची जागा मोकळी. चटईवर हात थोपटणारं कुणी न्हाई. मी तिथून चालत चालत शेवटाला गेले, चपलांजवळ, अन् बसले. पेला चाळीस तोंडांतून माझ्यापर्यंत आला, तळाला एक घोट राहिला होता. तो मी प्याले. पण ज्या ओठांमागून प्यायचं होतं ते ओठ मातीत गेले होते. तवापासून तुम्ही मला नम्र म्हणता, अन् मला भुईनं दुभंगून पोटात घ्यावं वाटतं. आता तर पोरी उठून म्हणतात, "आत्या, पुढं या, तुमचा मान हाय." कशाचा मान गं?

वादळात भरवसा कुणी ठेवला, पाळकसाहेब, ते तुम्ही ठरवा. मी तर सहाव्या दिवशी शिव्या देत होते. भरवसा रत्नम्मानं ठेवला. येशूवर ठेवला, अन् त्याच्या नावानं माझ्यावरबी ठेवला, मी दमानं येईन म्हणून. मी आले, पण ती गेल्यावर.

साखराबाई, उठ. रडू नकोस. तुझ्या आईला मी शेवटपर्यंत "ए रत्नम्मा" म्हणले. ती माझ्या मांडीवर असताना एकदा तरी, आईला म्हणावं तसं, अव्वा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, अन् मी ते गिळलं. आता तुला म्हणते, आक्का, माफ करू नकोस वाटलं तर. पण इथं खांबाजवळ ये, बस. ही जागा तुझ्या आईची होती, मी अकरा वर्षं दाबून बसले होते.

पाळकसाहेब, पेला भरा. हिच्यापासून सुरू करा. मी हिच्या शेजारी बसते, दुसरी.