बसंतीचा ढावलो

"मावशी, बसा ना थोडं. काहून चकरा मारून राह्यल्या?" पियूषनं विचारलं.

"माह्या पोरीचं गानं कवा लावतं, थे सांग," म्हणत लालीबाई पुन्हा स्टेजमागच्या पडद्यापाशी गेली.

बंगळुरूच्या त्या कला-संगीत महोत्सवात सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका मंडपात सिनेमे, दुसऱ्यात डोळ्यांवर व्हीआरचे डबे बांधून हवेत हात मारणारी माणसं, आणि चहूकडून आदळणारं संगीत. घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावर राहून कापूस वेचणाऱ्या लालीबाईला यातलं काहीच नको होतं.

यवतमाळचा पियूष गाणी गोळा करत तांड्यावर आला, तेव्हा तिच्या बसंतीचं लग्न होतं. सासरी निघताना नवरी आईच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो त्यानं रेकॉर्ड करून घेतला. पुढच्या हंगामात बोंडअळीनं शेतं खाल्ली आणि त्याच दिवसांत बसंती बाळंतपणात गेली. महोत्सवाचं आमंत्रण सांगायला आला, तेव्हा पियूषला हे कळलं.

"नको म्हणाल तर नाही लावत, मावशी."

"लाव. पन मीबी येतो संगं."

आगगाडीत तो मोबाइलवर ऐकवायला निघाला, तर तिनं हात धरला. "एवढुशा डब्यातून नोको. मोठ्यानं आयकू दे."

अखेर पियूष स्टेजवर गेला. "याडीऽऽ" बसंतीची आईला मारलेली हाक मैदानभर घुमली. लालीबाईनं पदर तोंडात धरला. तेवढ्यात पियूषनं गाण्याला जोडलेले ढोल लॅपटॉपवरून धडाडले. पोरं-पोरी हात वर करून नाचू लागली. बसंती कुठं ऐकूच येईना.

लालीबाई तरातरा स्टेजवर गेली. "ढोल बंद कर!"

"मावशी, लोक..."

"पोरगी रडून राह्यली माह्यी, अन् हे नाचून राह्यले. बंद कर."

पियूषनं ढोल बंद केले. उरला नुसता बसंतीचा आवाज. गर्दीतून शिट्ट्या आल्या, कुणी ओरडलं, काही जण निघून गेले.

ढावल्यात नवरीला आई गाऊनच उत्तर देते. लग्नात लालीबाईला हुंदक्यांपुढं एक शब्द फुटला नव्हता. आता तिनं सूर लावला. तो फाटका निघाला. तिनं पुन्हा लावला.

बसंतीचा आवाज संपला. पियूषची वेळही संपली. पुढच्या बँडची माणसं सामान घेऊन स्टेजवर चढू लागली, एकानं तिला बाजूला व्हायची खूण केली. लालीबाई दोन पावलं सरकली, आणि उरलेली ओळ पुरी करूनच पायऱ्या उतरली.