फक्त दूध

दुभाष्याला वॉर्डात सगळे गोडबोल्या म्हणत. सिस्टर त्याला मनातल्या मनात ज्या नावाने हाक मारी, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी परदेशातून येणाऱ्या मुलांचा हा वॉर्ड. मुलाबरोबर आई येई आणि तिला जे काही सांगायचं ते गोडबोल्याच्या तोंडून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सूचनांचा कागद त्याने आईच्या भाषेत वाचायचा, सिस्टरने शेजारी उभं राहायचं, मग तिघांनी सह्या करायच्या. दोन वर्षांपूर्वी अशाच सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या मुलाने उलटी केली. ती छातीत गेली. मूल महिनाभर मशीनवर राहिलं. आईने पहाटे दूध पाजलं होतं. तिच्या देशातल्या लोकांच्या लेखी दूध म्हणजे जेवण नव्हेच, म्हणून तर कागदावर ‘दूधसुद्धा नाही’ असं वेगळं लिहिलेलं असे. घाईत असलेला गोडबोल्या नेमकं तेच गाळून मोकळा झाला होता. चौकशीत मात्र त्याने गळा काढला, “मी अक्षर न् अक्षर वाचलं हो! लक्ष ठेवणं सिस्टरांचं काम.” आई रडत रडत खरं सांगत होती, पण तिचं सांगणंसुद्धा त्याच्याच तोंडून येत होतं. सिस्टरची रवानगी चादरींच्या कोठारात झाली.

तिथे घड्या घालणारी बाई त्याच देशाची निघाली. दोन वर्षं सिस्टर तिच्याकडून भाषा शिकली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. अशा कामाला चिकाटी लागते. राग असला की ती आपोआप येते.

वॉर्डात परत आल्यावर पाचव्याच दिवशी संधी चालून आली. त्याच देशातून आलेली सात वर्षांची मुलगी, ओठ निळसर, चार पावलं चालली की धापा टाकत उकिडवी बसे. सिस्टर दिसली की तिचा हात धरी, तो सोडत नसे. दुपारी गोडबोल्याने कागद घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, “रात्रीनंतर जेवण देऊ नका. बाकी काळजी नको.” झालं वाचून!

सिस्टरचं डोकं भणभणलं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं. पण मग तो हसून ‘अरेच्चा, राहिलंच की’ म्हणाला असता आणि पुन्हा सुटला असता. छे! या खेपेला त्याला रंगेहाथ पकडायचा. मुलीला टेबलावर जाऊच द्यायची नाही. फार तर तारीख पुढे जाईल. तिने सही केली.

सकाळी मोठे डॉक्टर आले. “पोटात काही गेलंय?” त्यांचा प्रश्न गोडबोल्याने आईला विचारला.

आई म्हणाली, “काही नाही. फक्त दूध.”

गोडबोल्या जरासा अडखळला. “काही नाही म्हणतेय.”

“थांबा,” सिस्टर म्हणाली आणि आईकडे वळून तिच्याच भाषेत बोलू लागली. किती दूध? पेलाभर. कधी? पहाटे. मग कालचं गोडबोल्याचं वाक्य तिने त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं आणि डॉक्टरांना अर्थ सांगितला. गोडबोल्या पांढराफटक पडला. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र तिथल्या तिथे काढून घेतलं. सिस्टरने ते डोळे भरून पाहिलं. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

“ऑपरेशन रद्द,” डॉक्टर म्हणाले. “पुढची तारीख पाच आठवड्यांनी. तोवर हिचं हृदय दम धरेल का, ते मी सांगू शकत नाही.”

हे आईला सांगायला आता दुभाष्या उरला नव्हता. सिस्टरनेच सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, “काल तो बोलला, तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात. तुम्हाला कळलं होतं?”

“हो,” सिस्टर म्हणाली.

आई उठली आणि मुलीची बोटं एकेक करून सिस्टरच्या हातातून सोडवू लागली.