नामाच्या कमरेचा कोयता

मी एक जुना कोयता आहे. धसईच्या लोहाराने मला घडवलं आणि बाजाराच्या दिवशी नामा ठाकराने मला निवडलं. तेव्हापासून त्याच्या कमरेच्या लाकडी आकडीत मी राहू लागलो. मित्रांनो, सिद्धगडाखालच्या त्या वाडीत कारवीचा कूड नामासारखा कोणी विणत नसे. मी कारवी तोडायचो, तो भिंत उभी करायचा.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. पाऊल आखूड पडू लागलं, आवाज खोल गेला. मुरबाडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगून गोळ्या दिल्या. नामा सावकाश का होईना, पण विणत राहिला. डोकं शाबूत होतं.

बऱ्याच वर्षांनी, २००५च्या सुमारास, तेही बिघडलं. अर्धा कूड विणून तो नुसता बघत बसे. पुढे काय करायचं ते सुचेना. रिकाम्या अंगणात त्याला माणसं दिसू लागली. एका दुपारी त्याची बायको भागी पाणी घेऊन आली, तर त्याने मला उपसलं. "माझा घर लुटाया आलास?" म्हणत वार केला. भागीचा दंड फाटला.

"याला झपाटलाय," भाऊ लडकू म्हणाला. "बांदून ठेवा."

महिनाभर नामा खांबाला बांधलेला होता. रात्रंदिवस तो भागीलाच हाका मारायचा.

शेवटी मुलगी संजीवनीने त्याला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. कोयत्याशिवाय तो उंबरा ओलांडेना. तिने मला फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं, तेव्हा कुठे तो निघाला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भागीला विचारलं, "आधी काय आलं? थरथर की विसर?"

"थरथर. विसर लय मागून."

"स्वतःचं काय काय करतात?"

"कायच नाय. धोतर बी मीच नेसवते."

नामा शाळेत गेलेला नव्हता, म्हणून बाईंनी त्याला लिहायला लावलं नाही. चार काड्यांची आकृती मांडून म्हणाल्या, "अशीच मांडा." नामाने काड्या उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. जमेना. घरंच्या घरं विणणारा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला.

रक्त तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हा कंपवातातूनच आलेला स्मृतिभ्रंश आहे. बरा होणार नाही. पण हे भूत नाही. एका गोळीने भास वाढले असावेत, ती कमी करू."

भागीने नामाचं मनगट हातात घेतलं. मग म्हणाली, "मंग आमी त्याला बांदला कशाला?"



भास कमी झाले, विसर मात्र वाढत गेला. भागी घास भरवायची, तेव्हा तो विचारायचा, "बाय, तू कोनाची गो?"

"तुझीच," ती म्हणायची.

पुढच्या भातकापणीत तो गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं थरथरणारं माणूस हातातलं काम विसरू लागलं, त्याला नसलेलं दिसू लागलं, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. काय काय बदललं ते डॉक्टरांना वेळेवर सांगा. दोरी शोधण्याआधी सांगा.